कुळाच्या मोबदल्याचा निर्णय आणि अपिलाचे साठ दिवस

अकोला जिल्ह्यातील शेतजमिनीच्या वादात तहसील कार्यालयातून निर्णयाची नक्कल हाती येते, तेव्हा पक्षकार ती बहुधा शेवटच्या पानापासून वाचतो. किती रुपये मिळावयाचे किंवा किती द्यावयाचे, तो आकडा पाहिला की कागदाची घडी होते आणि ती खिशात जाते. पुढे गावच्या पारावर, बसस्थानकावर, ओळखीच्या गुरुजींच्या घरी त्या आकड्याची चर्चा चालते. निर्णय अन्यायाचा आहे यावर एकमत होते आणि ‘वर जाऊ’ असेही ठरते. मात्र वर म्हणजे कोठे, किती दिवसांत आणि कोणते कागद घेऊन, हे ठरेपर्यंत कायद्याने दिलेले साठ दिवस संपत आलेले असतात.

या साठ दिवसांत काय करता येते आणि काय करता येत नाही, हे ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि महसूल खात्याचे गावपातळीवरील कर्मचारी यांना माहीत असणे अगत्याचे आहे. पक्षकार वकिलाकडे जाण्यापूर्वी सल्ला विचारावयास येतो तो त्यांच्याकडेच.

वऱ्हाडाचा स्वतंत्र कायदा

कुळकायदा म्हटला की बहुतेकांच्या मनात १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम येतो. पुणे, सातारा, नाशिककडील पुस्तके आणि तिकडील नातेवाइकांचे सल्ले याच कायद्यावर आधारलेले असतात. वऱ्हाडास मात्र तो लागू नाही. अकोला आणि अमरावती हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यात होते. येथील शेतीच्या पट्ट्यांचे नियमन करणारा पहिला महत्त्वाचा कायदा १९५१ साली त्याच राज्याने केला. राज्य पुनर्रचनेनंतर हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर विदर्भापुरता वेगळा अधिनियम तयार करण्यात आला. तो म्हणजे १९५८ चा कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम. तो ३० डिसेंबर १९५८ पासून अमलात आला.

दोन्ही कायद्यांचे तत्त्व एकच आहे. जो जमीन कसतो, त्याच्याकडे तिची मालकी जावी. तारखा आणि कलमे मात्र निराळी आहेत. पश्चिम महाराष्ट्रात कुळांस मालक मानण्याचा दिवस १ एप्रिल १९५७ हा होता. विदर्भात कलम ४६ अन्वये, जी जमीन खरेदी करण्याचा हक्क कुळास होता, तिची मालकी १ एप्रिल १९६१ रोजी कुळाकडे गेली. मागे राहिलेल्यांपैकी काहींच्या बाबतीत कलम ४९-अ प्रमाणे १ एप्रिल १९६३ हा दिवस ठरला. जमीनमालक अज्ञान असेल, विधवा असेल किंवा शारीरिक अथवा मानसिक दुर्बलता असलेला असेल, तर हा दिवस आणखी पुढे जात असे. ज्या प्रकरणी कार्यवाही आधीच सुरू होती, तेथे ती अंतिम होईपर्यंत मालकीचा प्रश्न थांबून राहिला. १९६० च्या दशकातील हे वाद नातवांच्या पिढीपर्यंत कसे आले, याचे पुष्कळसे उत्तर या अपवादांत आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या निकालाची छापील प्रत घेऊन अकोल्याच्या कार्यालयात कलम ३२ चा दाखला देणारा पक्षकार म्हणूनच प्रथमच अडखळतो. अपिलाच्या अर्जावर कायद्याचे नाव आणि कलम बरोबर घालणे, ही या कामातील पहिली पायरी होय.

मोबदला कोणी कोणाला द्यावयाचा

‘मोबदला’ हा शब्द या वादांत दोन निरनिराळ्या रकमांसाठी वापरला जातो. त्यामुळे बराच घोटाळा होतो.

पहिली रक्कम कुळाने मालकास द्यावयाची. कुळ मालक झाले, तरी जमीन फुकट मिळालेली नसते. तिची किंमत शेतजमीन न्यायाधिकरण ठरविते. न्यायाधिकरण हा शब्द मोठा असला, तरी हे काम महसूल खात्यातील अधिकाऱ्याकडेच सोपविलेले असते, आणि गावकऱ्याच्या दृष्टीने तो तहसील कचेरीचाच एक भाग असतो. विदर्भाच्या कायद्यात ही किंमत खंडाशी निगडित आहे. साहजिकच पूर्वीचा खंड किती होता, हा प्रश्न कळीचा ठरतो. मालक तो अधिक सांगतो, कुळ कमी सांगते, आणि लेखी कबुलायत बहुधा कोणाजवळच नसते. वऱ्हाडात जमीन मक्त्याने किंवा बटईने देण्याची रीत जुनी आहे. मक्ता रोख ठरतो, बटईत पिकाची वाटणी होते. दोन्ही व्यवहार पुष्कळदा तोंडी आणि एका हंगामापुरते होत आले आहेत.

दुसरी रक्कम उलट दिशेने जाते. कुळाची वहिवाट संपुष्टात आली आणि त्याने त्या जमिनीत कायमच्या उपयोगाची सुधारणा केलेली असली, तर तिची भरपाई मागण्याचा प्रश्न उभा राहतो. विहीर खोदणे, बांध घालणे, चर काढून पाण्याचा निचरा करणे, पडीत जमीन साफ करून सपाट करणे या गोष्टी सुधारणेत मोडतात. दरवर्षीची नांगरणी किंवा शेणखत मोडत नाही.

या दोन्हींच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. अर्जदार मुळात कुळ आहे काय? अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारी व्यक्ती कुळ मानली जाते. मालकाच्या कुटुंबातील माणूस, मजुरीवर ठेवलेला सालदार आणि ताबेगहाणदार यांचा त्यात समावेश नाही. सालदार आणि बटईदार यांतील सीमारेषा गावात सर्वांना ठाऊक असते. कागदावर ती दिसत नाही. या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर मोबदल्याचा आकडा कितीही योग्य असला तरी उपयोगाचा नाही. अपील करताना आकड्यावरच सारा भर देऊन कुळ असल्याविषयीच्या प्रतिकूल निष्कर्षास आव्हान न देणे, ही चूक अनेकांच्या हातून घडते.

खारपाणपट्ट्यातील विहीर

भरपाईचा हिशेब कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. जमीन काळी, भारी आणि कसदार. पण भूगर्भातील पाणी खारट. समजा, या पट्ट्यातील एका शेतात बटईदाराने स्वतःच्या खर्चाने विहीर खोदली, दगडी बांधकाम केले आणि काही वर्षांनी त्याची वहिवाट गेली. तो भरपाई मागताना काय सांगेल? खोली इतके हात, मजुरी इतकी, दगड इतका. त्याच्या दृष्टीने विहिरीचे मोल म्हणजे तिच्यात गेलेला पैसा आणि घाम.

कायद्याची दृष्टी थोडी वेगळी आहे. खर्च झालेले श्रम आणि भांडवल विचारात घेतले जाते, हे खरे. त्याबरोबरच त्या सुधारणेमुळे जमिनीचे खंडाचे मोल किती वाढले, ती सुधारणा आज कोणत्या स्थितीत आहे, पुढे किती काळ टिकेल आणि तिच्या बदल्यात मालकाने पूर्वी खंडात काही सूट दिली होती काय, याही गोष्टी पाहिल्या जातात. विहिरीचे पाणी खारे लागले असेल, तर ते पिकास घालता येत नाही, आणि घातले तर जमीन बिघडते. अशा विहिरीमुळे जमिनीचा मक्ता वाढत नाही. तीच विहीर अकोट किंवा तेल्हाऱ्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, गोड्या पाण्याच्या पट्ट्यात असती, तर कोरडवाहू शेताचे ओलिताचे शेत झाले असते आणि हिशेब पार बदलला असता.

उलट, खारपाणपट्ट्यातच एखाद्या विहिरीला वापरण्याजोगे पाणी लागले असेल, तर तिचे मोल खर्चाच्या आकड्यात मावणारे नाही. शेजारच्या कोरडवाहू शेताचा मक्ता आणि या शेताचा मक्ता यांतील तफावत, तीच खरी साक्ष. ही तफावत सिद्ध करणारा पुरावा कोणता? पाण्याच्या तपासणीचा अहवाल, पेरेपत्रकातील नोंदी, सातबारावरील पिकांचे आणि जलसिंचनाचे रकाने, शेजारच्या शेतकऱ्याचा जबाब, आणि जागेवर जाऊन केलेला पंचनामा. यांपैकी काहीही न देता बटईदाराने फक्त ‘विहीर माझी आहे, मला योग्य भरपाई मिळावी’ एवढेच म्हटले असेल आणि अधिकाऱ्याने जुजबी रक्कम ठरविली असेल, तर त्या निर्णयात दोष कोणाचा, हे सांगणे अवघड आहे.

विहीर कोणी खोदली, हा मुद्दा पहिल्या प्रकारच्या मोबदल्यातही डोके वर काढतो. १९४८ च्या मुंबई अधिनियमात तर जमिनीची किंमत ठरविताना मालकाने बांधलेल्या विहिरी, बांध आणि त्याने लावलेली झाडे यांचे मूल्य धरण्याची स्पष्ट तरतूद आहे. अशा वेळी मालक म्हणतो विहीर माझ्या वडिलांची, कुळ म्हणते माझ्या वडिलांची, आणि दोघांचेही वडील हयात नसतात.

पहिले अपील : येथेच वस्तुस्थितीचा निकाल

शेतजमीन न्यायाधिकरणाच्या किंवा तहसीलदाराच्या निर्णयाविरुद्ध अधिनियमाच्या कलम १०७ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. हे अधिकार बहुधा उपविभागीय अधिकारी वापरतात. अकोला जिल्ह्यातील पक्षकारास त्यासाठी अकोला, अकोट, बाळापूर किंवा मूर्तिजापूर येथील कार्यालयात जावे लागते. मुदत आदेशाच्या तारखेपासून साठ दिवसांची आहे.

‘आदेशाच्या तारखेपासून’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. नक्कल हाती पडल्यापासून साठ दिवस मोजणारे फसतात. प्रमाणित नक्कल मिळविण्यास कार्यालयात जेवढा काळ लागला, तेवढा मुदतीतून वगळला जातो. अर्ज करण्यास पक्षकाराने स्वतः लावलेला वेळ वगळला जात नाही. यास्तव निर्णय कळताच, शक्य तर त्याच दिवशी, नकलेसाठी अर्ज करावा आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. नकलेवर अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती दिल्याची तारीख असते. मुदतीचा हिशेब याच तारखांवर होतो. शेवटचा दिवस सुटीचा आल्यास कार्यालय उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते.

मुदत टळलीच, तर विलंब क्षमापित करण्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि त्यात पुरेसे कारण दाखवावे लागते. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडावेत. पक्षकारास नोटीसच मिळाली नाही व निर्णय त्याच्या पाठीमागे झाला, असे असेल तर ते कोणत्या तारखेस व कसे कळले, हे नेमके लिहावे. ‘शेतीच्या कामामुळे वेळ मिळाला नाही’ हे कारण खरे असते, पण ते सर्वांनाच लागू असल्यामुळे त्याचे वजन फार पडत नाही.

अपिलाच्या अर्जात काय असावे? नुसता ‘निर्णय अन्यायकारक आहे’ असा सूर उपयोगी नाही. निर्णयातील कोणत्या परिच्छेदात कोणता निष्कर्ष काढला आहे, तो कोणत्या पुराव्याशी विसंगत आहे, कोणता जबाब किंवा दस्तऐवज विचारातच घेतलेला नाही, असे एकेक कारण सुटे मांडावे. वरील उदाहरणात शेजारच्या शेतकऱ्याचा जबाब नोंदलेला आहे, पण निर्णयात त्याचा उल्लेखच नाही, हे एक वाक्य दोन पाने तक्रारीपेक्षा अधिक काम करते. त्यासाठी निर्णयाच्या नकलेबरोबर जबाबांच्या आणि रोजनाम्याच्या नकलाही मागाव्यात.

अपिलात पुरावा पुन्हा तपासला जातो. निर्णय कायम ठेवता येतो, बदलता येतो किंवा रद्द करता येतो. काही वेळा प्रकरण फेरचौकशीसाठी खाली परत पाठविले जाते. फेरचौकशी मिळाली म्हणजे आपण जिंकलो, असे समजून पेढे वाटणारेही आढळतात. वास्तविक त्यामुळे पुरावा देण्याची एक संधी मिळालेली असते, इतकेच. ती दवडली तर पहिलाच आकडा पुन्हा पदरात पडण्याचा संभव असतो.

आणखी एक सावधगिरी हवी. अपील दाखल झाले म्हणजे खालच्या आदेशाची अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. स्थगितीसाठी स्वतंत्र अर्ज करून आदेश मिळवावा लागतो. कुळाने किंमत हप्त्यांनी भरावयाची असेल, तर ‘अपील चालू आहे’ म्हणून हप्ते थांबविणे धोक्याचे आहे. किंमत मुदतीत न भरल्यास खरेदीच निष्फळ ठरण्यापर्यंत पाळी येऊ शकते. रकमेचा वाद करताना जमीनच हातची जाणे, याहून वाईट परिणाम कोणता?

नागपूरचा टप्पा

जिल्हाधिकाऱ्यांच्या अपिलातील आदेशाविरुद्ध कलम १११ अन्वये महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो. मुदत येथेही साठ दिवसांचीच आहे. विदर्भातील प्रकरणे नागपूरच्या खंडपीठापुढे जातात. पक्षकार यालाही ‘अपील’च म्हणतात. पण हे अपील नव्हे, आणि या फरकावर अनेक प्रकरणे कोसळतात.

पुनरीक्षणाची कारणे कायद्याने तीनच ठेवली आहेत. आदेश कायद्याच्या विरुद्ध असणे, हे पहिले. कायद्याच्या एखाद्या महत्त्वाच्या मुद्द्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांनी केलाच नसणे, हे दुसरे. कार्यपद्धतीत असा मोठा दोष राहणे की ज्यामुळे न्यायाची हानी झाली, हे तिसरे. विहिरीला पाणी गोड होते की खारे, मक्ता अमुक रुपये होता की तमुक, साक्षीदार खरा बोलला की खोटा, हे वस्तुस्थितीचे प्रश्न आहेत. त्यांचा निकाल अपिलातच लागलेला असतो. मुंबई अधिनियमातील याच स्वरूपाच्या कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये स्पष्ट केले की, महसूल न्यायाधिकरणाने पुरावा नव्याने तोलून जिल्हाधिकाऱ्यांचे वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष फिरविणे, हे त्याच्या अधिकारात बसत नाही.

मग त्या बटईदारास नागपुरास काहीच मागता येणार नाही काय? येते, पण मागणीचे रूप बदलावे लागते. भरपाईची रक्कम कमी आहे, ही वस्तुस्थितीची तक्रार झाली. रक्कम ठरविताना जमिनीचे खंडाचे मोल किती वाढले, हा कायद्याने आवश्यक केलेला विचार केलाच नाही, ही कायद्याची तक्रार आहे. निष्कर्षास कोणताही पुरावा नाही, किंवा मुख्य पुराव्याकडे पूर्ण दुर्लक्ष झाले, हीदेखील कायद्याचीच चूक ठरते. स्थळपाहणी एका पक्षाच्या गैरहजेरीत आणि त्याला न कळविता झाली, ही कार्यपद्धतीची तक्रार आहे. विहीर तीच आणि पाणीही तेच, परंतु प्रश्न कसा मांडला यावर दार उघडते वा बंद राहते. त्यासाठीही मूळ चौकशीत पंचनामा आणि जबाब असावेच लागतात. जो पुरावा दिलाच नव्हता, त्याच्याकडे दुर्लक्ष झाले असे म्हणता येत नाही.

महसूल न्यायाधिकरणाच्या पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली जाता येते. ते अधिकार देखरेखीचे आहेत, तिसऱ्या अपिलाचे नव्हेत. दिवाणी न्यायालयाचा मार्ग मात्र कलम १२४ ने बंद केलेला आहे. दिवाणी दाव्यात कुळ असण्यानसण्याचा प्रश्न निघाल्यास, कलम १२५ प्रमाणे तो प्रश्न महसुली अधिकाऱ्याकडे निर्णयार्थ पाठविला जातो. ताबा जाण्याच्या भीतीने प्रथम दिवाणी न्यायालयात धाव घेणारा पक्षकार काही वर्षांनी पुन्हा तहसीलच्याच दारात उभा राहतो, तो यामुळे.

भूसंपादनाची वेगळी वाट

रस्त्यासाठी अथवा प्रकल्पासाठी जमीन संपादित झाली, की झोपी गेलेले कुळाचे वाद जागे होतात. २०१३ च्या भूसंपादन अधिनियमात बाधित कुटुंबांच्या व्याख्येत कुळे आणि बटईदार यांचाही समावेश आहे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्यांची उपजीविका त्या जमिनीवर अवलंबून असावी लागते. या अधिनियमाखालील प्राधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध अपील थेट उच्च न्यायालयात होते. कुळकायद्यातील उपविभागीय अधिकारी आणि महसूल न्यायाधिकरण हे टप्पे तेथे नाहीत. दोन्हींची मुदत साठ दिवसांचीच असल्यामुळे चुकीच्या दारात अर्ज देऊन बसण्याचा धोका मोठा आहे. आदेश कोणत्या अधिनियमाखाली झाला, हे त्याच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते. शेवटच्या पानावरील आकड्याच्या आधी ते वाचावे.

गावात करावयाचे काम

गावातील जाणत्या मंडळींची खरी मदत अपिलाच्या वेळी होते, त्याहून अधिक पहिल्या चौकशीच्या वेळी होते. पंचनाम्याच्या वेळी पंच म्हणून उभे राहणारे लोक वाचून सही करतात काय? विहिरीची खोली, बांधकामाची स्थिती, पाण्याची चव, ओलिताखालील क्षेत्र हे तपशील त्यात आले आहेत काय? ग्रामपंचायत सदस्यांनी पक्ष न घेता एवढे पाहिले, तरी पुढील अनेक वर्षांचे हेलपाटे वाचतील. जुन्या प्रकरणांत वाशीम, रिसोड, मंगरूळपीर या भागांतील पक्षकारांनी हेही लक्षात घ्यावे की, १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा होण्यापूर्वी तो भाग अकोला जिल्ह्यात होता. त्या काळातील आदेश, फेरफार आणि नकला शोधताना अकोला येथील अभिलेख कक्षातही चौकशी करणे इष्ट होय.

प्रकरण चालू असता पक्षकार मरण पावला, तर त्याच्या वारसांची नावे मुदतीत अभिलेखावर आणावी लागतात. यात मुलींची नावे वगळण्याकडे गावात अजूनही कल दिसतो. एक वारस वगळला गेला, की पुढे निकाल कोणाच्याही बाजूने लागो, त्यावर हरकत घेण्यास जागा राहते. तलाठ्याकडे वारसनोंद करतानाच सर्व मुलगे, मुली आणि विधवा यांची नावे द्यावीत आणि त्या फेरफाराची नक्कल अपील जेथे चालू असेल त्या कार्यालयात सादर करावी.